दुसऱ्यांदा पुढं केलेला वाडगा

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा नांदेडहून माझी तिकडं बदली झाली. बायको नांदेडलाच राहिली, माझ्या आईजवळ. ऑफिसातल्या एका मित्राबरोबर मी खोली घेतली. तो उमरीकडचा, बौद्ध घरातला. मी शेतकरी घरातला. एकाच जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातेल्यात दोघांचं शिजायचं आणि त्याचं दोघांनाही काही वाटत नव्हतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं मी नेमका जातीच्याच आड लपलो.

साल दुष्काळाचं होतं. शिरूर अनंतपाळकडची तळी आटत चाललेली. मासे मातीमोल झालेले, पण ते धुवायला पाणी नाही, अशी गत. म्हणून मित्र संध्याकाळीच कालवण जास्तीचं करायचा. सकाळी त्यातले मरळीचे तुकडे काढून काटे वेचायचा. स्टोवर तेलात लसूण तडतडला की शिळा भात मोकळा करून टाकायचा, वर मासा, उरलेला रस्सा, थोडा चिंचेचा कोळ आणि झाकण. वाडग्यात घेऊन उभ्या उभ्या खायचं नि ऑफिस गाठायचं.

सुटीत बायको राहायला आली. मित्र झोपायला शेजारी जायचा, सकाळी येऊन भात करायचा. आमच्या घरी ती सगळ्यांच्या मागून जेवायची, उरलंसुरलं. इथं तिनं वाडगा संपवला आणि स्वतःहून पुन्हा पुढं केला.

"भाऊजी, कालच्या माशाला वास कसा न्हाई येऊन राहिला?"

"चिंच, वहिनी. अन् झाकण काढून बघायची घाई न्हाई करायची."

दोघं हसली. तिच्या वाडग्यात एकही काटा नव्हता. मी तिच्यासाठी कधी काटा काढला नव्हता. तिला मासा इतका आवडतो हेसुद्धा मला तिथंच कळलं, आणि तेही त्याच्यामुळं. मी माझा वाडगा अर्धाच ठेवून उठलो.

ती परत गेली आणि मी खोली बदलली. ऑफिस लांब पडतं, असं त्याला सांगितलं. ऑफिस हाकेच्या अंतरावर होतं. नांदेडला आईनं कारण विचारलं, मग स्वतःच उत्तरही दिलं: शेवटी समाज वेगळा, बरं केलंस. मी मान हलवली. बायको दारात उभी होती. मी जळतोय, हे कबूल करण्यापेक्षा ते सोपं होतं. जळण्याहून वाईट कारण पांघरलं आणि ते घरात सगळ्यांना चालून गेलं. एका तिलाच चाललं नाही.

पुढं घरी मासा उरला की ती तसाच भात करायची. पहिल्या घासाला मला तो आठवायचा. तिलाही आठवत असणार, असं वाटून आणखी आग व्हायची. चांगला झालाय, असं मी कधी म्हणालो नाही. चांगलाच व्हायचा.

मागच्या महिन्यात तो तिला नांदेडच्या बाजारात भेटला. तिनं त्याला रविवारी जेवायला बोलावलं आणि घरी येऊन मला विचारलं, त्यांच्या शेजारी बसाल का? तेव्हा मात्र माझं तोंड उघडलं.

"त्याच्या जातीचं मला कधीच काही नव्हतं. तू वाडगा दुसऱ्यांदा पुढं केलास, ते सोसलं नाही."

तिनं हातातली भाजी बाजूला सारली.

"इतकी वर्षं मला तुमची लाज वाटून राहिली," ती म्हणाली. "आता मला काय सांगता. त्यांना सांगा."

रविवारी त्याला सांगितलं. माफी मागितली, तीही धड जमली नाही. तो खाली बघत म्हणाला, "मी नेहमीचंच समजलो होतो. म्हणून विचारलंबी न्हाई."

बायकोनं भात आणला. पहिला घास घेऊन तो म्हणाला, वहिनी, चिंच जरा कमी पडली. ती हसली, लातूरला हसली होती तशीच. मी पुन्हा तसाच जळलो, या वयात. मी वाडगा रिकामा केला आणि तिच्यापुढं धरला.

"अजून वाढ. चांगला झालाय."

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. मग आधी त्याला वाढलं.