शेवटचो हात कोणाचो

मेस्त, म्हणजे आमच्या नाक्यावरचे गाड्यांचे मिस्त्री, बॉनेट उघडण्याआधी गाऱ्हाणं घालत. मनातल्या मनात नव्हे, तळेऱ्याच्या नाक्यावर पलीकडच्या चहाच्या टपरीत ऐकू जाईल असं खणखणीत. आमच्याकडे लग्नाला, पेरणीला, जत्रेला देवापुढे गाऱ्हाणं घालतात. एकाने मांडायचं आणि जमलेल्यांनी दर वाक्याला ‘होय म्हाराजा’ म्हणायचं, यात नवीन काही नाही. पण कार्बुरेटरसाठी गाऱ्हाणं घालणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. स्क्रूडायव्हर उदबत्तीसारखा उभा धरून, डोळे मिटून मेस्त सुरू करत.

“बा म्हाराजा, ही गाडी चढावाक दम खाता.”

“होय म्हाराजा,” टपरीवरून आवाज येई.

“हिचा पेट्रोल खंय जाता ता कळना नाय.”

“होय म्हाराजा.”

“आणि हिचो मालक अर्धवट आसा.”

मी पहिल्यांदा गाडी घेऊन गेलो त्या दिवशी या तिसऱ्या वाक्याला जबाब न देता सगळे हसत सुटले, आणि मी एकट्यानेच भक्तिभावाने, हात जोडून, ‘होय म्हाराजा’ म्हटलं. तेव्हापासून मी कुठल्याही गाऱ्हाण्यात आधी चार जणांचं ऐकतो, मगच तोंड उघडतो.

माझा धंदा खाज्याचा. आल्याच्या वासाचा, गुळात घोळलेला खाजा आमच्या घरी होतो आणि मी तो जुन्या पांढऱ्या व्हॅनमधून जत्रांना आणि दुकानांना पोचवतो. व्हॅन वडिलांची. तिच्या सीटखाली इतका गूळ सांडलेला होता, की पार्किंगमध्ये इतर गाड्यांपेक्षा तिच्यावर मुंग्या जास्त. मेस्त मला नावाने कधी हाक मारत नसत. “खाजेवाल्या” म्हणत, आणि तेही ‘खाजे’वर जोर देऊन, जणू मी कोणाला तरी फसवून तो विकतो.

हे गाऱ्हाणं म्हणजे भाबडेपणा असं कोणाला वाटलं तर तो मेस्तांना ओळखतच नव्हता. ती चौकशी होती. देवाला आणि टपरीला साक्षी ठेवून उभं केल्यावर माणूस फार वेळ खोटं बोलू शकत नाही. गाऱ्हाणं संपेपर्यंत अर्धा आजार मालकाच्या तोंडूनच बाहेर पडलेला असे. कोणी रॉकेल मिसळलेलं असे, कोणी मेव्हण्याला गाडी शिकवलेली असे. मग मेस्त डोळे उघडून ठरलेला प्रश्न विचारत, “शेवटचो हात कोणाचो लागलो?”

गाडी चांगली चालत होती आणि मग बिघडली, तर मधल्या काळात तिला कोणीतरी हात लावला, एवढं साधं त्यांचं शास्त्र. खरी गंमत पुढे. तो शेवटचा हात मेस्तांचाच असेल तर ते दोन्ही तळवे सगळ्यांना दिसतील असे वर करून सांगत, “मगे पयलो संशय माझ्या हातार.”

यात नम्रपणा शोधू नका. मेस्तांइतका गर्विष्ठ माणूस आमच्या पट्ट्यात झाला नाही. ग्रिसाच्या धंद्यात ते पांढरा सदरा घालून काम करत आणि संध्याकाळी त्यावर डाग नाही हे जाणाऱ्या-येणाऱ्याला पाठ फिरवून दाखवत. “मुंबैच्या गाडये माका दाखवूक गोव्याच्या हद्दीर, इन्सुलीपर्यंत गेलले परत येतत,” असं ते मुंबईच्याच माणसांना सांगत. स्वतःच्या हातावर पहिला संशय घ्यायला जी छाती लागते ती आपल्याकडेच आहे, याचाही त्यांना गर्व होता. आणि खरं सांगायचं तर आम्हालाही होता. हायवेवर चकचकीत वर्कशॉप झाली, तिथे पंख्याखाली बसवून कॉफी देत. पण ‘चूक आमची असेल’ असं म्हणणारं माणूस आमच्याच नाक्यावर होतं.

या गर्वापायीच एका जत्रेत देवळाच्या पायरीवर उभं राहून मेस्त सगळ्यांदेखत बोलून गेले, “माझ्या हातची गाडी एकाच दुखण्यान तीनदा परत इली, तर मी स्क्रूडायव्हर खाली ठेवतलंय. कायमचो.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. अशी वेळ येईल हे कोणाच्या मनातही नव्हतं. माझी व्हॅन लोकांच्या हिशेबात नव्हती.

त्या वर्षी कुणकेश्वरच्या जत्रेआधी मी व्हॅनचं ट्यूनिंग मेस्तांकडून करून घेतलं. नवे प्लग, एअर फिल्टर, कार्बुरेटर साफ, सगळं. गाडी अशी मऊ चालली, की मी आईला घेऊन थेट कुणकेश्वराच्या पाया पडायला गेलो. आणि तिथून परतल्यावर आठवड्याभरात तिचं तंत्र बिघडलं. उभी केली की म्हशीसारखी अंग झाडायला लागली. मागून काळा धूर. पेट्रोलचा काटा तर असा खाली यायचा, की मी टाकीखाली वाकून गळती शोधली. गळती नव्हती. बायको म्हणाली, “ट्यूनिंग केल्यावर गाडी सुधारता, की तुमची उलटी?”

मेस्तांकडे नेली. गाऱ्हाणं झालं. तळवे वर झाले. प्लग काढले तर काजळीने काळेकुट्ट. “पेट्रोल जास्त, वारो कमी,” मेस्त म्हणाले आणि स्वतःचंच काम पहिल्यापासून तपासत बसले. प्लगच्या वायरी उलटसुलट लागल्या का, फिल्टर नीट बसला का, कार्बुरेटरचा कुठला स्क्रू जास्त फिरला का. काही सापडेना. प्लग पुसून फेरी मारली तर गाडी एकदम गुणी. घरी नेली, दोन दिवसांत पुन्हा तेच. पुन्हा मेस्त. पुन्हा काजळी, पुन्हा पुसापुशी, पुन्हा गुणी गाडी. त्या दुसऱ्या खेपेला मेस्तांनी मला काही सुनावलं नाही, ‘खाजेवाल्या’सुद्धा म्हटलं नाही. तेव्हा मला त्यांचं देवळाच्या पायरीवरचं बोलणं आठवलं.

गाडी तिसऱ्यांदा बिघडली आणि मी ठरवलं, आता काही झालं तरी तळेऱ्याला थांबायचं नाही. पेट्रोल जळू दे, धूर होऊ दे, पण माझ्या खटाऱ्यापायी मेस्तांचा स्क्रूडायव्हर खाली जायला नको. या त्यागाचं मला इतकं कौतुक वाटलं, की मी बायकोलाही सांगितलं. अडचण एकच होती. कणकवलीला खाज्याची ऑर्डर द्यायची होती आणि देवगड रस्त्यावरच्या आमच्या गावातून तिकडे जायचं म्हणजे तळेऱ्याच्या नाक्यावरूनच. मी टोपी डोळ्यांवर ओढली, सीटवर खाली घसरलो आणि नाका येताच वेग वाढवला. गाडीने दोन उचक्या दिल्या, एक मोठा काळा भपका सोडला आणि बरोबर मेस्तांच्या दारात प्राण सोडला.

टपरीवर कोणीतरी ग्लास खाली ठेवला. टपरीवाले दाजी हळूच म्हणाले, “तिसऱ्यांदा.”

मेस्त बाहेर आले. मी काच खाली करून म्हटलं, “काय नाय मेस्तानू, चाय पियाक थांबलंय.”

“आधी गाडी थांबली, की आधी तू?”

मेस्तांनी सदऱ्याच्या बाह्या सारख्या केल्या, स्क्रूडायव्हर आणला, पण या वेळी तो उभा धरला नाही. बॉनेटवर आडवा ठेवला. टपरीवरची माणसं रस्ता ओलांडून आली. तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला तो आडवा स्क्रूडायव्हर कळत होता.

“बा म्हाराजा,” मेस्तांचा आवाज खाली होता, “ही गाडी दोनदा माझ्या हातात इली, दोनदा बरी होवन गेली.”

“होय म्हाराजा.”

“आणि घराक गेल्यार दोनदा बिघाडली.”

“होय म्हाराजा.”

पुढचं वाक्य आलंच नाही. मेस्तांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघत राहिले. “हय बरी, घराक वायट,” ते स्वतःशीच म्हणाले. “रे खाजेवाल्या, माझ्याकडे येताना गाडयेतला काय घरी ठेवन येयस?”

“काय नाय.”

“देवासमोर उभो आसंस. आठव.”

“काय नाय ओ. फकत नारळ.”

“खंयचो नारळ?”

मी आत बोट दाखवलं. कुणकेश्वराचा प्रसादाचा नारळ, लाल फडक्यात गुंडाळलेला. तो गाडीतच बांध, असं आईने सांगितलं होतं. डॅशबोर्डवर बांधायला पुढे आलेली वस्तू एकच, चोकची मूठ. मी तिच्या मानेला सुतळीचे चांगले वेढे देऊन नारळ असा आवळला होता, की खड्ड्यातसुद्धा हलू नये. आणि गॅरेजला जायच्या दिवशी आई आठवणीने बजावे, “मेस्ताचे ग्रिसाचे हात देवाच्या नारळाक लागाक नको हां.” म्हणून मी तो सोडून देव्हाऱ्यात ठेवून जायचो आणि परतल्यावर तितक्याच भक्तीने पुन्हा आवळायचो. आज गॅरेजला जायचंच नव्हतं, म्हणून तो जागेवर होता.

ज्यांनी जुन्या गाड्या चालवल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. सकाळी इंजिन थंड असतं, तेव्हा त्याला पेट्रोल जास्त आणि हवा कमी लागते. त्यासाठी ती मूठ ओढायची, आणि गाडी तापली की पूर्ण आत ढकलायची. माझी मूठ सुतळीच्या वेढ्यांपाशी अडायची. म्हणजे भर दुपारच्या उन्हात माझी व्हॅन बिचारी पहाटेच्या थंडीतलं पेट्रोल पीत होती.

मेस्तांनी खिडकीतून वाकून मूठ आणि सुतळी बघितली. हात मात्र आत घातला नाही. टपरीवर गेले, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, परत येऊन नारळापुढे जोडले. “बा कुणकेश्वरा, ह्येना तुका बसाक चुकीची जागा दिल्यान. राग धरू नको. तुका बरी जागा करून देतंय.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “सोड आता. गाठ तुझी, तूच सोड.”

नारळ मांडीवर घेऊन मी चोक आत ढकलला. मेस्तांनी प्लग पुन्हा पुसून बसवले, गाडी सुरू झाली आणि आमच्या भटजींसारखी एका सुरात बोलत राहिली. लोक इतके हसले, की कणकवलीची एसटी थांबवून चालकाने काय झालं ते विचारलं आणि तोही हसला. दाजी ओरडले, “मेस्तानू, हात तुमचो नाय.”

“अर्दो माझो,” मेस्त म्हणाले. “दोनदा मी विचारूक नाय.” आणि बॉनेटवरचा स्क्रूडायव्हर उचलून त्यांनी खिशात उभा खोचला.

त्यांनी एक पितळी हुक आणून माझ्या डॅशबोर्डवर, चोकपासून वीतभर लांब, बसवून दिला. आणि त्या दिवसापासून त्यांच्या गाऱ्हाण्यात एक प्रश्न वाढला, “येताना घरी काय ठेवन इलंस?” या प्रश्नाने पुढे किती गाड्या बऱ्या झाल्या ते तळेऱ्याला विचारा. माझ्यापुरतं सांगायचं, तर डॉक्टर साखर तपासायला बोलावतात तेव्हा मी आधीचे दोन दिवस खाजा तोंडात घालत नसे आणि रिपोर्ट बघून स्वतःची पाठ थोपटत असे. एकदा तपासणीच्या टेबलावर मेस्तांचा प्रश्न आठवला आणि मी डॉक्टरांना खरं सांगून टाकलं. ते म्हणाले, “असं पहिल्यांदाच कोणी सांगितलं.” मी म्हटलं, आमच्या नाक्यावर शिकवतात.

मेस्त आता नाहीत. शेवटची वर्षं ते इन्सुलीला लेकीकडे होते आणि तिथेच गेले. व्हॅनही गेली. नव्या गाडीत चोकच नाही, पण पितळी हुक मी काढून तिच्यात लावलाय आणि नारळ त्याच्यावर आहे.

मला मात्र ते तळेऱ्यातून निघाले तो दिवस आठवतो. नजर मंद झाली होती. त्यांच्या हाताच्या चुकीने गाडी कधीच तिसऱ्यांदा परत आली नव्हती, तरी एका सकाळी त्यांनी पांढरा सदरा घातला, नाक्यावरच्या सगळ्यांना बोलावलं आणि हत्यारांच्या पेटीपुढे शेवटचं गाऱ्हाणं घातलं.

“बा म्हाराजा, ह्या हातानी जा काय केला ता तुझ्यासमोर आसा.”

“होय म्हाराजा.”

“चुकला-माकला आसात ता पदरात घे.”

“होय म्हाराजा.”

“गाडये वाटेक लागले, माणसा घराक पोचली.”

“होय म्हाराजा.”

मग मेस्त डोळे न उघडता, तळवे वर करून म्हणाले, “आणि ह्या खाजेवाल्याची गाडी माझ्या हातान बिघाडूक नव्हती.”

लोक हसायला लागले. मी मात्र त्या एका वाक्याला चार जणांची वाट न बघता ‘होय म्हाराजा’ म्हटलं.