दुसरं पॅकिंग

बहात्तरच्या दुष्काळातला तो उन्हाळा. माणसं पाण्यासाठी वणवण करत होती आणि नागापूरच्या एका वर्कशॉपात आम्ही चार फिटर शर्यतीची गाडी बनवत होतो. लाज वाटायला हवी होती. नाही वाटली. त्या वर्षी कशाचंच फारसं काही वाटत नव्हतं.

गाडी म्हणजे पाइपांचा सांगाडा, चार छोटी चाकं आणि बुडाखाली पत्रा. भिंगारजवळच्या मैदानावर वर्कशॉपवाल्यांची शर्यत ठरली होती. आमच्याकडे इंजिन तेवढं नव्हतं. ते मी थोरल्या भावाकडून आणलं. नेवाशाकडे त्याची मोसंबीची साठ झाडं होती. विहिरीत झिरपलेलं पाणी रोज सकाळी तासभर उपसायला हे छोटं फोर-स्ट्रोक इंजिन. बैल चारा-छावणीत गेलेले, त्यामुळे मोटेचा प्रश्नच नव्हता.

"दोन दिस झाडं दम धरतील," दादा म्हणाला. "पर सोमवारी इंजान हिरीवर पायजे. न्हाईतर सात वर्सांची मेहनत मातीत जाईल."

दादा ते रॉकेलवर चालवायचा. पेट्रोलवर सुरू करायचं, तापलं की तोटी फिरवून रॉकेल द्यायचं. पण रॉकेलवर इंजिन रमतगमत चालतं. शर्यतीत ते काय कामाचं? आमच्यातल्या एकानं श्रीगोंद्याकडून, एका साखर कारखान्यातून, स्पिरिटचा डबा पैदा केला. त्यावर इंजिन सकाळी सुरूच होईना. अर्धा डबा इंजिन प्यायलं, उरलेला कोण प्यायलं ते मी विचारलं नाही. शेवटी पेट्रोल ठरलं.

पेट्रोल घालायचं तर त्याचा पुरा फायदा घ्यायचा, ही अक्कल माझी. रॉकेलला जास्त दाब सोसत नाही, इंजिन आतून ठोके देतं. म्हणून दाब कमी राहावा यासाठी दादाच्या इंजिनात हेडखाली, म्हणजे वरच्या झाकणाखाली, एकावर एक अशी दोन पॅकिंग होती. मी एक काढलं. दाब वाढला, इंजिन खणखणीत बोलू लागलं. काढलेलं पॅकिंग पुसून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलं, शर्यत झाली की परत बसवायला.

शर्यतीत चार गाड्या होत्या. आमचा नंबर तिसरा आला.

सोमवारी मी इंजिन घासूनपुसून, ऑइल बदलून विहिरीवर बसवलं. पेट्रोलवर पहिल्याच हिसक्याला सुरू झालं. दादानं इंजिनाला हात लावून कपाळाला लावला. मला एसटी गाठायची होती. तोटी रॉकेलवर फिरवेपर्यंत मी थांबलो नाही.

शुक्रवारी दादा वर्कशॉपच्या दारात उभा. हातातल्या फडक्यात फुटलेला पिस्टन.

"सोमवारपास्नं ठोकत हुतं," तो म्हणाला. "म्हनलं, नवं ऑइल हाय, हुईल नीट. झाडाला पानी तर द्यायलाच हवं."

त्याच्या डोक्याशेजारी, दाराला लागून भिंतीवर खिळा होता आणि खिळ्याला पॅकिंग. त्यावर धूळ बसलीय, एवढंच मनात आलं.

पिस्टन पुण्याहून यायला तीन आठवडे लागले. तोवर दादा आणि वहिनी दोरानं शेंदून कळशी कळशी घालत होते. साठ झाडांना ते म्हणजे दर्यामें खसखस. मी पिस्टन बसवला, दोन्ही पॅकिंग बसवली, रॉकेलवर तासभर चालवून पाहिलं. एकही ठोका नाही. पाणी पाटातून झाडांच्या बुडाशी गेलं. फांदी वाकवली की कट्‌कन मोडत होती.

दादा बांधावर बसला होता. हातातलं ढेकूळ फोडत म्हणाला, "येक सांगतो, राग धरू नगं. आपलं रॉकेल सपलं हुतं. म्या शेजाऱ्याच्या डब्यातलं घातलं. त्यात कायतरी भेसळ असनार. तू एवढं चांगलं बसवून दिल्यालं इंजान, म्या मारलं."

इतके दिवस हे तो मनात घेऊन फिरत होता. बोलायचं होतं ते आत्ताच, हे मला समजत होतं. मी तोंड उघडलंही.

"असू दे, दादा," मी म्हणालो.

त्यानं मोकळा श्वास सोडला, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि पहिलं झाड तोडायला उठला.