पोळीच्या गोळीवर आलेली रोहू

फोनवर परदेशातल्या डोंगरी तळ्यांचे व्हिडिओ पाहून पाहून माझं डोकं फिरलं होतं. तिकडचे लोक गळाला पिसांची खोटी माशी बांधून ट्राउट मासे पकडतात, मग आम्ही मोहगाववाल्यांनीच काय घोडं मारलं? मागवली ऑनलाइन काठी, सोबत डबीभर पिसांच्या माश्या. बायको म्हणे, “कोंबडी सोलून गळाले बांधली काय जी? मासोळ्या हसून हसून मरतील, मंग उचलून आणजा.”

दसरा होऊन आठ-दहा दिवस झाले होते. मी कामाला जातो त्या बोरगावच्या कंपनीला सुट्टी होती. पाऊस गेलेला, ऊन असं की टाळू भाजून निघावी. जेवणाचा डबा घेऊन निघालो, तर बाबा ओसरीत बसलेले. मी काही बोललो नाही. आई गेल्याला सव्वा वर्ष झालं होतं आणि तेव्हापासून बाबांनी बोलणंच टाकलं होतं. ‘हो’, ‘नाही’, ‘ठेव तिथं’, संपलं. जन्मभर शाळेत पोरांवर ओरडलेला माणूस! सुरुवातीला मी विचारून पाहिलं, नागपूरच्या डॉक्टरला दाखवून आणलं, एकदा तर चिडून ओरडलो, “मिठाची गुळणी धरली काय तोंडात?” मग मीही नाद सोडला.

टेकडीआडच्या तलावावर तासभर झक मारली. काठी मागे झटकली, पुढे झटकली. एक माशी बाभळीत, दुसरी माझ्याच बनियनमध्ये. मासोळी एक नाही. वैतागून काठाच्या सपाट दगडावर हात धुवायला वाकलो, तर एक चांगली जाडजूड रोहू अगदी पायाशी आली आणि थांबली. माझ्या सावलीलाही भ्यायली नाही. तोंड वर काढून उभी.

पिसं गेली चुलीत! डब्यातल्या पोळीचा तुकडा मळून गोळी केली, गळाला लावली आणि तिच्यापुढे सोडली. तिनं ती अशी घेतली की जसा कोणी हातावरचा प्रसाद घ्यावा. झटापट अशी केलीच नाही. तीन किलोची तरी असेल. मी एकट्यानंच आरोळी ठोकली, तिला ओल्या पोत्यात घातलं आणि बेशरमाच्या झुडपाआड सावलीत जेवायला बसलो.

दोन घास खाल्ले असतील, तोच सायकल उभी केल्याचा आवाज आला. पाहतो तर बाबा. त्याच दगडावर टेकले, खिशातून छोटी डबी काढली आणि दोनदा टाळी वाजवली.

“आली काय वो?” बाबा पाण्याकडे पाहून म्हणाले. “उशीर झाला आज, सायकलची हवा गेली होती. नातीचा समोरचा दात पडला, तुले सांगाचंच राहिलं. सूनबाईनं काल तुह्यावाणीच झुणका केला होता, तिखट थोडं कमी. आन् गुडघा लय दुखून राहिला वो.”

माझा घास तोंडातच राहिला. बाप्पा! सव्वा वर्षात मी हा आवाज ऐकला नव्हता. घरात मुका झालेला माझा बाप इथं आईशी बोलत होता.

आमच्याकडे पितृपक्षात गेलेल्या माणसाच्या नावानं मासोळ्यांना कणकेच्या गोळ्या टाकतात. मागच्या वर्षी बाबांना मीच इथं आणलं होतं, एकदाच. पंधरवडा संपला तसा मी ते विसरलोही. बाबा रोज दुपारी फिरायला जातात, एवढंच आम्हाला माहीत.

बाबांनी पुन्हा टाळी वाजवली. “ये न वो. रुसली काय?”

तेव्हा कुठं मला पोत्यातली रोहू आठवली. हळूच पोत्यात हात घातला. जिवंत असू दे रे देवा, अजून दहा मिनिटं झाली नाहीत, पाण्यात सोडतो, आत्ता सोडतो. कल्ले चाचपले. दाबून पाहिले. हालत नव्हते. थंड पडली होती.

“कुठं गेली वो?” बाबा उभे राहिले. गुडघ्याला धरून पाण्यात वाकून पाहू लागले. “अवो!”

मागच्या मागे पळून जावं असंही वाटलं, खोटं का बोलू. पण ते पाण्यात उतरायला लागले तेव्हा राहवलं नाही. काठी आणि पोतं घेऊन समोर गेलो.

बाबांनी काठीकडे पाहिलं, पोत्याकडे पाहिलं. मी पोत्याचं तोंड उघडून दाखवलं.

“मेली?”

“हो, बाबा. मले माहीत नव्हतं. आईची शप्पथ, माहीत नव्हतं.”

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त तिच्या डोक्यावरून एक बोट फिरवलं, मग डबीतल्या गोळ्या एकेक करून पाण्यात टाकल्या. बारक्या मासोळ्या आल्या, झोंबल्या, गेल्या. मी बाजूला बसलो. रडू आवरत नव्हतं.

“आता मले सांगत जा न बाबा, जे काय सांगाचं ते. मी ऐकतो.”

“तुले?” बाबांनी माझ्याकडे पाहिलं. केवढ्या दिवसांनी! “तुले कसं सांगू बाबू? मी तं रोज तिले हेच विचारत होतो, की पोरानं माह्यासंग बोलणं काहून सोडलं.”