निर्मनुष्य डोंगर

हर्सूलच्या पलीकडच्या डोंगरांचे जुने फोटो शहरातल्या एका सभागृहात मांडले होते. एका फोटोखाली लिहिलं होतं, ‘निर्मनुष्य डोंगर’. त्यासमोर खांद्यावर घोंगडी टाकलेला एक म्हातारा उभा होता. काचेला बोट न लावता तो हवेतच एकेक मेंढरू मोजत होता.

“साहेब, इथं खाली काय लिवलंय?”

मी वाचून दाखवलं.

“माणूस नाय म्हणं! मग मेंढरं काय आपल्या मनानं डोंगर चढली? ही काठीवाली माझी माय हाय. दुष्काळात याच झऱ्यावर जगलो आम्ही. आता तिथं प्लॉट पाडून तारा ओढल्या, अन् वर म्हणत्यात, इथं कुणी कधी चारतच नव्हतं.”

बाई खरंच होती. खडकाच्या सावलीत, नखाएवढी. मी संयोजकाला बोलावून ती ओळ बदलायला सांगितली. तो हसला.

“काका, हे निसर्गाचं प्रदर्शन आहे. मेंढरं कोण मोजतंय?”

माझं डोकंच फिरलं. मी दोनदा मोजलं आणि अभिप्रायाच्या वहीत लिहिलं, ‘या फोटोत एक बाई आणि सदतीस मेंढरं आहेत. खालची ओळ खोटी आहे.’ सही केली आणि म्हाताऱ्याला वाचून दाखवलं.

तो पुन्हा फोटोपाशी गेला, वाकून पाहून परत आला.

“अडतीस लिवा. खडकामागं एकाचं शिंग दिसतंय. आपलं तरी खोटं नको.”