कुलूपवाल्याची अट

त्या शहराच्या मधून रेल्वेचे रूळ जात. अलीकडे गोरे, पलीकडे काळे. मी दोन्हींत न बसणारा, कंपनीच्या कामासाठी तीन आठवड्यांपुरता आलेला. उतरलो अलीकडे, एका बाईंच्या घरात, वरच्या खोलीत. बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, "रुळांपलीकडे जाऊ नका. तिकडचं कोणी दारात आलं तर उघडू नका." मी मान डोलावली. परक्या गावात शहाणपणा कशाला पाजळायचा?

चौथ्या दिवशी माझ्या खोलीचं कुलूप अडकलं, आणि बाईंनी ज्याला बोलावलं तो कुलूपवाला पलीकडचाच निघाला. पन्नाशीचा, उंच, काळाकुळकुळीत, हातात पत्र्याची पेटी. दारापाशी थांबला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही इथे समोर उभ्या राहा. माझं होईपर्यंत हलू नका."

"अहो, माझं दूध उतू जाईल."

"मग उतरवून या. मी थांबतो."

आणि खरंच, बाई परत येईपर्यंत पेटीला हात न लावता हा हाताची घडी घालून उभा. मी कारण विचारलं.

"एकवीस वर्षं इकडच्या घरांत कुलपं बसवतोय, साहेब. मालक समोर नसताना एक स्क्रू फिरवला नाही. परवाना पोलीस देतात. एकदा चौकीत नाव लागलं की परवाना गेला. मग हे हात काय चाटायचेत?"

"पण या लोकांना चोरांची भीती आहे म्हणून तर तुमचा धंदा चालतो," मी उगाच विनोद केला.

"चोर म्हटलं की यांना माझंच तोंड दिसतं. त्या तोंडाला भिऊन कुलूप घेतात आणि बसवायला मलाच बोलावतात. बरं चाललंय." तो स्वतःशीच हसला. बाई समोरच होत्या, पण त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

माणूस मला आवडला. सलगीने मी सांगितलं की आमच्या घरात मीच सगळ्यांत काळा, मावशी मला कोळशाच म्हणायची. त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "इथे तुम्ही कोळसा नाही. म्हणून तर वरची खोली मिळाली."

शनिवारी दुपारी समोरच्या औषधाच्या दुकानात लूट झाली. मी खिडकीत होतो. म्हाताऱ्या दुकानदाराला ढकलून एक उंच काळा माणूस रुळांकडे पळाला. क्षणभर मागे वळला, तेवढाच काय तो चेहरा दिसला. पोलीस आले. त्यांचा साहेब भलताच अदबशीर, जबानीसाठी मला चौकीत नेलं, खुर्ची दिली, चहा दिला. त्या गावात मला इतका मान कोणी दिला नव्हता, आणि खोटं कशाला बोलू, तो मला गोड लागला.

सोमवारी मला पुन्हा चौकीत नेलं. काचेपलीकडे सहा जण उभे केलेले, सगळे काळे, सगळे उंच. पाच तोंडं अनोळखी. तिसऱ्यावर नजर थांबली. हा चेहरा मी पाहिलाय, शंकाच नाही.

"तिसरा."

"खात्री आहे?"

"आहे."

कुठे पाहिलाय ते जिना उतरताना आठवलं. अख्ख्या शहरात ज्या एकाच काळ्या माणसाशी मी बोललो होतो, तो हा. औषधाच्या दुकानामागच्या गल्लीत, पेटीत हत्यारं आहेत म्हणून, त्याला उचललं होतं, हे नंतर कळलं.

परत वर जायला बारा पायऱ्या होत्या. मी गेलो नाही. भ्यालो. त्या कुलूपवाल्याला नव्हे, त्या अदबशीर साहेबाला. आता शब्द फिरवला तर हा मला काय समजेल, माझे कागद मागेल का, पुन्हा खुर्ची देईल का, असल्या भिकार विचारांत आज जातो, उद्या जातो करत सहा दिवस काढले. जनाची सोडाच, मनाचीही लाज वाटली नाही. सातव्या दिवशी खरा चोर दुसरीकडे सापडला. कुलूपवाला सुटला, परवाना मात्र परत मिळाला नाही. चौकीत नाव लागलं होतं. बाईंनी दुसरा कुलूपवाला शोधला आणि सगळ्या दारांची कुलपं बदलून घेतली. "त्याला आपली कुलपं माहीत आहेत ना," म्हणाल्या.

निघायच्या आदल्या दिवशी, सकाळी, मी रूळ ओलांडले. पत्ता विचारत गेलो, कोणी अडवलं नाही. दोन खोल्यांचं घर. दार त्याच्या बायकोने उघडलं आणि ती आत स्वयंपाकघरात गेली. तो टेबलाशी बसला होता, पेटी बंद, हात रिकामे. चौकीतल्या कागदावर माझं नाव त्याने वाचलं असणार. मला पाहून उठला नाही, शिवीही दिली नाही.

"दोन मिनिटं बोलायचं होतं," मी म्हणालो.

त्याने बायकोला हाक मारली. "इकडे ये. इथे समोर उभी राहा. हे गृहस्थ जाईपर्यंत हलू नकोस."

ती एप्रनला हात पुसत येऊन उभी राहिली. जिना, बारा पायऱ्या, सहा दिवस, सगळं मी बोललो. माफीही मागितली. तो माझ्या हातांकडे बघत होता. आतून करपल्याचा वास आला, तशी ती चुळबुळली.

"अहो, दूध उतू जातंय."

"जाऊ दे," तो म्हणाला. "तू हलू नकोस."