भुकेची विचारपूस

"काऊन आली वो? आत्ताच त जेवली ना मी."

खिचडीच्या गंजात मोठा डाव फिरवता फिरवता, डावा हात पोटावर ठेवून मावशी असं बोलायच्या. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, दारात कुणी शेजारीण येऊन उभी आहे. दारात कुणी नव्हतं. मावशी स्वतःच्या भुकेशी बोलत होत्या.

दवनीवाड्याजवळच्या आमच्या शाळेत त्या पोरांचं दुपारचं जेवण रांधायच्या. अशा बाया तुम्हीही पाहिल्या असतील, अंगाने भरलेल्या आणि आवाजाने त्याहून भरलेल्या. मी त्याच शाळेत मास्तर. माझं पोटही सदऱ्याच्या बटणांशी रोज भांडतं, त्यामुळे भूक काय चीज आहे हे मला चांगलं ठाऊक आहे.

मावशींच्या लेकीच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आईची किडनी जुळली. पण नागपूरच्या डॉक्टरांनी मावशींना काट्यावर उभं केलं आणि मान हलवली. आधी बारा किलो उतरवा, म्हणाले, आणि तेही उपाशी राहून नाही. देणाऱ्याची तब्येत ठणठणीत हवी.

मावशींनी त्यातलं पहिलं तेवढंच ऐकलं. चार दिवस नुसत्या चहावर काढले आणि पाचव्या दिवशी तांदूळ निवडता निवडता भोवळ येऊन पडल्या. त्या शुद्धीवर आल्यावर मी चांगलाच ओरडलो. भिंतीला टेकून त्या म्हणाल्या, "गुरुजी, मी भुकेले मारून राहिली होती, त तिनंच मले पाडलं."

मग दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंनी समजावलं तसं सुरू झालं. सकाळी उकडलेलं अंडं. जेवताना आधी अर्धं ताट भाजी, मग डाळ, शेवटी मूठभर भात. आमच्या धानाच्या मुलखात मूठभर भात म्हणजे नैवेद्य, त्याला जेवण कुणी म्हणत नाही. मावशी मात्र हटल्या नाहीत. भूक आली की तिची विचारपूस करायच्या.

"पोटातली असन त घरात घेतो गुरुजी, तोंडातली असन त वाटेले लावतो."

पोटातलीला मूठभर फुटाणे नाहीतर काकडी मिळायची. तोंडातलीला गिलासभर पाणी आणि तळ्याच्या पाळीपर्यंत एक चक्कर.

महिना झाला तरी काटा हलेना. मावशींचा चेहरा उतरला. लेक आठवड्यातून दोनदा गोंदियाला डायलिसिसला जात होती आणि प्रत्येक वेळी जरा जास्तच थकून परत येत होती.

एक दिवस पोरांची पंगत उठल्यावर मी सहज स्वयंपाकाच्या खोलीत डोकावलो. मावशी रिकाम्या गंजात हात घालून तळाची खरवड काढत होत्या आणि बोलता बोलता तोंडात टाकत होत्या. चांगली ताटभर असेल.

"मावशी, हे काय?"

"हे का जेवन होय का? गंज घासनं होय."

थट्टा नव्हती ती. धानाच्या चिखलात जन्म गेलेल्या त्या हातांना शीत फेकणं माहीत नव्हतं आणि खरवडीला त्यांनी कधी खाण्यात धरलंच नव्हतं. मी भीत भीत म्हणालो, "पोटाला कसं कळणार मावशी, हे घासणं आहे की जेवण?"

मावशींनी हातातला घास परत गंजात टाकला. दुसऱ्या दिवसापासून खरवड शेजारच्या कोंबड्यांना जाऊ लागली. गंज धुताना मावशी तोंड फिरवून बसायच्या.

साबुदाण्याचा डोंगर फस्त करून उपास सांगणारे मी खूप पाहिलेत, मीही त्यातलाच. पण फोडणीच्या वासात उभं राहून, स्वतःचं पोट गुरगुरत असताना, पोरांच्या ताटात डाव रिकामा करत "अजून घे ना रे, लाजतो कायले?" म्हणणं, आणि हे आठ महिने रोज! मी व्हरांड्यातून बघत राहायचो. वाटायचं, जाऊन पाया पडावं. पडलो नाही, कारण त्या हसल्या असत्या.

बारा किलो उतरले. ऑपरेशन झालं. आता जड उचलायची मनाई असल्याने मावशी शाळेत येत नाहीत. नवीन बाई खिचडी बरी करतात, पण खोली फारच शांत वाटते.

परवा त्यांच्या घरी गेलो होतो. ओसरीत बसून त्या मला औषधांच्या वेळा सांगत होत्या. तेवढ्यात आतून लेकीचा आवाज आला, "आई, भूक लागली वो."

आजारात तिची भूक पार मेली होती, आई भरवायला गेली तर तोंड मिटून घ्यायची. मावशी ताडकन उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि उंबरठ्यावरच थांबल्या.

"मावशी, जा ना. पोरगी बोलावते," मी म्हणालो.

त्यांनी हातानेच मला गप्प केलं. डोळे वाहत होते. त्यांना ती हाक आणखी एकदा ऐकायची होती.