दिव्याच्या पेटीतलं भस्म

चाकूरच्या मन्मथअप्पांनी लातूरच्या एका टॉकीजमध्ये छत्तीस वर्षं मशीन चालवलं. टॉकीज बंद पडली तेव्हा मालकानं जुनं प्रोजेक्टर त्यांनाच देऊन टाकलं. आता ते अप्पांच्या ओसरीवर उभं आहे, आणि अप्पांची त्याच्यावर एवढी माया, की पाहुण्यांना चहाआधी मशीन बघावं लागतं.

त्यांचा एक रिवाज होता. पहिल्या खेळाआधी मशीनच्या दिव्याची पेटी उघडायची, फुंकर मारायची आणि आतली पांढरी भुकटी बोटांवर घेऊन तीन पट्टे ओढायचे. आधी मशीनवर, मग स्वतःच्या कपाळावर. आत जाळ पेटतो, तर राख म्हणजे भस्मच, असं त्यांचं सरळ गणित. नोकरी सुटली तरी दर सोमवारी हे चालूच होतं.

गेल्या महिन्यात शाळेनं प्रदर्शनासाठी मशीन मागितलं, म्हणून वायरिंग तपासायला आयटीआयचे नागसेन सर आले. नेमका सोमवार. अप्पांनी पेटी उघडली, बोटं भरली आणि आठ वर्षांच्या नातीला, अक्षराला, पुढं बोलावलं. बोटं तिच्या कपाळाला टेकणार, तोच सरांनी अप्पांचं मनगट धरलं.

"अप्पा, ही राख न्हाई. धग अडवायला आत ॲस्बेस्टॉसचं अस्तर हाय, त्याचा हा चुरा. श्वासातून छातीत जाऊन बसतो."

अप्पा भडकलेच. छत्तीस वर्षं लावलं, मला काय धाड भरली, म्हणाले. सरांनी आवाज चढवला नाही. या चुऱ्याचा आजार तीस-चाळीस वर्षांनीही डोकं वर काढतो, एवढंच त्यांनी सांगितलं. मग पोरीला लांब पाठवून ओल्या फडक्यानं अप्पांची बोटं पुसली आणि पेटी अलगद बंद केली.

अप्पांचा राग उतरला आणि त्याच्या जागी भीती बसली, पण स्वतःची नव्हे. छत्तीस वर्षं ती भुकटी त्यांच्या सदऱ्यावर घरी येत होती, आणि सदरे धूत होती त्यांची बायको, शरणम्मा.

दुसऱ्याच दिवशी ते बायकोला घेऊन लातूरला गेले. दोघांच्या छातीचे फोटो निघाले. कपडे कसे धूत होता, असं डॉक्टरीणबाईंनी शरणम्माला विचारलं.

"दारातच सदरा काढून घ्यायची, बादलीत बुडवायची," शरणम्मा म्हणाली. "मशीनची काजळी लई. कोरडा सदरा उंबऱ्याच्या आत येऊ दिला न्हाई कधी."

अप्पांनी मान खाली घातली. या बादलीवरून त्यांनी उभा जन्म भांडण केलं होतं. गल्लीदेखत मला उघडा करते, म्हणून दोन-दोन दिवस अबोला धरला होता. आणि डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, फार चांगलं केलंत, झटकले असते तर सगळा चुरा तुमच्या नाकात गेला असता. दोघांचेही फोटो आज स्वच्छ होते. अप्पांना मात्र दर वर्षी तपासणी सांगितली.

नागसेन सरांनी मशीन जाड प्लास्टिकमध्ये बांधून ठेवलंय. अस्तर काढणारे जाणकार येईपर्यंत कुणी उघडायचं नाही. सरांचं नाव निघालं की अप्पांचे हात आजही आपोआप जुळतात.

त्या दिवशी लातूरहून परत आल्यावर शरणम्मा कुलूप काढून आत गेली. अप्पा उंबऱ्याबाहेरच थांबले. भर दुपारी, गल्लीदेखत, त्यांनी सदऱ्याची बटणं सोडली.

"शरणम्मा," त्यांनी हाक दिली, "बादली आण."